घड्याळ होतं, फक्त मुलींसाठी नव्हतं

३७-३६. कॉलेजांच्या झोनल स्पर्धेत आमच्या मुलींची बास्केटबॉलची फायनल एका पॉइंटने गेली, आणि परवापासून जो भेटेल तो समजूत घालतोय, "अगं, हार-जीत चालायचीच." हार-जीत आम्हाला शिकवू नका. आमचं कॉलेज वर्षानुवर्षं दुसऱ्या राउंडला बाहेर पडायचं, तेव्हाही पायऱ्यांवर आम्हीच बसलेलो असायचो आणि मॅच संपली की पोरींना उसाचा रस पाजून घरी पाठवायचो. हा राग हरल्याचा नाहीये.

ते शेवटचं मिनिट आठवलं की आत्ताही हात थरथरतात. समोरच्यांची एका पॉइंटची आघाडी, चेंडू त्यांच्याकडे. आपल्या पोरी फुल कोर्ट प्रेस करतायत, आख्ख्या कोर्टभर अंगावर जाऊन अडवतायत, आणि समोरच्या नुसता चेंडू फिरवतायत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रिंगकडे बघतसुद्धा नाहीत. का बघतील? शॉट क्लॉकच नव्हता! चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा, हे कोर्टवर दुसऱ्या दिवशी आलेल्या पोरीलाही माहीत असतं. इथे फायनल चालू होती आणि टेबलावर एक स्टॉपवॉच, एक स्कोअरशीट आणि चहाचे कप. आमची सात नंबरच्या जर्सीची पोर, सात नंबर, ओरडत होती, "सर, चोवीस! सर, चोवीस झाले!" टेबलावरचे सर मख्ख. आख्खं मिनिट तसंच गेलं, शिट्टी वाजली, संपलं. समोरच्या पोरींचा यात काडीचा दोष नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

बरं, घड्याळ नव्हतं असंही नाही. तेच तर सहन होत नाहीये. घड्याळ होतं! दोन्ही बोर्डांच्या वर, लाल आकड्यांचं, नवंकोरं. पण पुढच्या कोर्टवर. आमची फायनल ऐनवेळी मागच्या सिमेंटच्या कोर्टवर ढकलली, कारण पुढे पाहुण्यांसाठी स्टेज बांधायचं काम चाललं होतं. मुलांची फायनल संध्याकाळी, पाहुण्यांसमोर, लाइटमध्ये. आणि आमचं ते शेवटचं मिनिट चालू असताना तिकडे कोणीतरी घड्याळ चालवून बघत होतं. मी बसले होते तिथून स्वच्छ दिसत होतं. रिकाम्या कोर्टवर चोवीस, तेवीस, बावीस. शून्य आलं की भोंगा. परत चोवीस. तिकडे चिटपाखरू खेळत नव्हतं, आणि इकडे जूनपासून पहाटे उठून तयारी केलेल्या पोरी त्याच आकड्यासाठी घसा फोडत होत्या.

आपल्या कोच सरांनी सामन्याआधी यजमानांना रीतसर विचारलं होतं. उत्तर काय मिळालं? "मुलींच्या मॅचला कशाला लागतं सर ते." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ठीक आहे, घड्याळ नाही तर टेबलावर एक पोरगा बसवा, हातात दुसरं स्टॉपवॉच द्या, तोंडाने मोजू दे त्याला. छोट्या स्पर्धांमध्ये सर्रास होतं असं. तर म्हणे, "माणसं नाहीत." माणसं होती. स्टेजला झालर लावत होती.

सामना सकाळी दहाचा होता. पोरी नऊला हजर. सिन्नरची सात नंबर पहिली एसटी पकडून आली होती. नाशकात द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकेन या भीतीने ती नेहमीच तासभर आधी निघते. वॉर्म-अप झालं, अंगं गरम झाली, आणि मग फर्मान आलं की मुलांची सेमी आधी उरकून घेऊ. उरकून! ती सेमी ओव्हरटाइमला गेली. मग जेवणाची सुट्टी. पोरींनी परत वॉर्म-अप केलं, परत थांबवलं. शेवटी दीडला सामना सुरू झाला. ऑक्टोबरमधलं नाशिकचं दीडचं ऊन, खाली सिमेंट, डोक्यावर झाडाचं पानसुद्धा नाही. आणि तीनला पाहुणे येणार म्हणून दहा मिनिटांचे क्वार्टर आठ मिनिटांचे केले, तेही रनिंग क्लॉक. फाउल झाला, घड्याळ चालूच. फ्री थ्रो चाललाय, घड्याळ चालूच. चेंडू गटारीपर्यंत गेला, घड्याळ चालूच. आमची टीम चौथ्या क्वार्टरची टीम आहे हे आख्ख्या झोनला माहीत आहे. समोरच्यांची पायं जड झाली की आमच्या पळायला लागतात. तोच क्वार्टर कापून अर्धा केला.

आणि त्या मागच्या कोर्टची दशा! बास्केटबॉलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या फिबाने २०१० मध्ये रिंगखालचा ट्रॅपेझॉइड काढून आयत केला, थ्री-पॉइंटची रेष ६.२५ मीटरवरून ६.७५ वर नेली. त्या कोर्टला कोणी कळवलंच नाही. जुन्या रेषा पिवळ्या रंगात तशाच, आणि नव्या रेषा सकाळी चुन्याने मारलेल्या. दीड वाजेपर्यंत अर्धा चुना पोरांच्या बुटांखाली गेलेला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अकरा नंबरने कोपऱ्यातून जो शॉट घेतला तो थ्री होता. आम्ही सगळे त्याच बाजूला होतो, तिचा पाय चुन्याच्या रेषेच्या वीतभर मागे होता. रेफ्रीने दोन बोटं दाखवली, म्हणजे दोनच पॉइंट. अकरा नंबर फक्त एवढंच म्हणाली, "सर, रेष बघा ना." त्यावर टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा! सकाळी मुलांच्या सेमीत त्याच रेफ्रीच्या छातीला छाती लावून एक जण पाच मिनिटं वाद घालत होता, तेव्हा यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं. मुलीने तोंड उघडलं की आगाऊपणा. त्या टेक्निकलमुळे तिचे चार फाउल झाले, चौथ्या क्वार्टरला पाचवा झाला आणि आमची एकमेव शूटर बाकावर येऊन बसली. एक पॉइंट कुठे गेला म्हणून विचारता? मला तर किती जागी गेला ते मोजता येत नाही.

पाणी बाहेरून आम्हीच आणलं. जार संपले होते. बदलायला खोली नव्हती, दोन ओढण्या धरून आडोसा केला. यावर जास्त लिहीत नाही, जिने जिने कॉलेजात काही खेळलंय तिला हे वेगळं सांगायची गरज नाही.

आणि मग बक्षीस समारंभ. पाहुण्यांनी भाषणात कविता राऊतचं नाव घेतलंच. नाशकात खेळावरचं भाषण तिच्या नावाशिवाय होतच नाही. सावरपाड्याची पोर, दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर. २०१० ची गोष्ट, ऐकली की आजही अंगावर काटा येतो. पण ते नाव ज्या माइकवरून घेतलं त्याच्यासमोर उन्हाने डोकं धरून बसलेल्या पोरी होत्या, आणि त्यांची मेडल कमी पडली होती. बारा पोरी, मेडल दहा. "नंतर कॉलेजवर पाठवून देतो." मुलांच्या उपविजेत्यांना कमी नाही पडली. चार नंबरने आपलं मेडल काढून बाकावरच्या फर्स्ट इयरच्या पोरीच्या गळ्यात घातलं. हीच चार नंबर. पेठ तालुक्यातून आलेली, बारावीपर्यंत खो-खो खेळलेली, कॉलेजात येईपर्यंत बास्केटबॉलला हात न लावलेली. आज सगळ्या झोनमध्ये तिच्याइतके रिबाउंड, म्हणजे शॉट हुकल्यावर परत आलेले चेंडू, कोणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर. मुलांचा फोटो, कॅप्टनची मुलाखत, पाहुण्यांचं भाषण. मुलींच्या फायनलला शेवटची एक ओळ, आणि त्यात स्कोअर ३७-२६. दहा पॉइंट खाऊन टाकले! सात नंबरचे आजोबा ते कात्रण काढून ठेवणार होते. प्रत्येक सामन्याला सिन्नरहून येणारा माणूस तो. त्यांनी मला विचारलं, "हे दुरुस्त करून छापतील का?" काय सांगू त्यांना?

या सीझनबद्दल मला खरं तर वेगळं लिहायचं होतं. सेमीफायनलबद्दल लिहायचं होतं. तिसऱ्या क्वार्टरअखेर नऊ पॉइंटने मागे, सरांनी जागा राखायचा झोन डिफेन्स सोडून मॅन-टु-मॅन, म्हणजे एकीवर एक, लावलं, आणि सात नंबरने समोरच्या पॉइंट गार्डला, चेंडू पुढे आणणाऱ्या पोरीला, हाफ लाइन ओलांडू दिली नाही. शेवटचे दोन फ्री थ्रो तिने घेतले तेव्हा आमच्यातल्या अर्ध्या जणी डोळे झाकून होत्या. दोन्ही आत. नेटला लागल्याचाही आवाज नाही. त्या संध्याकाळी गंगापूर रोडवर आम्ही रस्ताभर ओरडत गेलो. असं काही आमच्या कॉलेजच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्याबद्दल लिहायचं सोडून मी इथे चुन्याच्या रेषा उगाळत बसलेय, याचाही राग येतोय.

आता निघालंच आहे तर पहिल्या राउंडचंही बोलू. समोरची टीम आलीच नाही. पंधरा मिनिटं थांबा, २०-० लिहा, घरी जा. एंट्री भरायची तेवढी भरायची आणि पोरींना पाठवायचं नाही, हे कॉलेजांचं नेहमीचं. क्वार्टर फायनलला सात साइजचा चेंडू हातात दिला, मुलांचा. मुलींचा सहा साइजचा असतो, घेर इंचभर कमी, वजन कमी. सगळी प्रॅक्टिस त्यावर झालेली. "चेंडू चेंडूच असतो" म्हणे. मग मुलांना द्या ना सहाचा!

आणि सगळं यजमानांवर ढकलून आपलं कॉलेज सुटणार नाही. आपल्या कोर्टवर नवरात्रात गरबा झाला. मंडपाची दोरी बास्केटच्या पोलला बांधली आणि रिंग पुढे वाकली. झोनल तोंडावर असताना पोरी वाकड्या रिंगवर ले-अप मारत होत्या. एरवी तिथे गाड्या लागतात, त्या हलवण्यात प्रॅक्टिसची पहिली वीस मिनिटं जातात. साडेसहाला लाइट बंद, मुलांची नेट प्रॅक्टिस असली की मात्र आठपर्यंत चालू. जर्सी मुलांच्या मागच्या वर्षीच्या, खांद्यावरून घसरणाऱ्या. आणि बाहेरगावी जायचं असेल तर मुलांना ट्रॅव्हलर, मुलींना एसटी. कारण विचारलं तर ऑफिसातून सांगतात, महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे ना! ती सवलत २०२३ मध्ये सरकारने बायकांसाठी दिली, कॉलेजचं बजेट वाचवायला नाही. बाकीचा अर्धा पैसा पोरींच्या जेवणावर घातला असता तरी मी गप्प बसले असते.

एनबीएतल्या स्टेफ करीची जर्सी घालून कट्ट्यावर बसणारी आपलीच पोरं फायनलला आली नाहीत. "मुलींचं ना, स्कोअरच होत नाही त्यात." अरे, त्याच करीचा खेळ बघून अकरा नंबर कोपऱ्यातून थ्री मारायला शिकलीये, ये की बघायला एकदा. भारताची कॅप्टन राहिलेली शिरीन लिमये पुण्याची आहे, हे यांच्यातल्या एकाला माहीत नव्हतं. २०१७ ला बंगळुरूमध्ये आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ ने हरवून आशिया कपच्या डिव्हिजन बीचं विजेतेपद घेतलं, तेही माहीत नाही. दोन पॉइंटने! अशा सामन्यात शॉट क्लॉक बंद ठेवला असता तर चाललं असतं का कोणाला?

सात नंबर फायनल इयरला आहे. मुलाला कॉलेजनंतर निदान संध्याकाळचं एखादं ग्राउंड असतं, रविवारच्या स्पर्धा असतात. पोरीला नशिबाने रेल्वेसारखी नोकरी लागली तर खेळ, नाहीतर संपलं. तिच्यासाठी ती फायनल शेवटची होती. म्हणून मी यजमानांच्या क्रीडा विभागात जाऊन लेखी तक्रार दिली. साहेबांनी वाचली आणि म्हणाले, "मॅडम, तुमची कोणी त्या टीममध्ये आहे का? नाही ना? मग एवढं कशाला मनावर घेता, मुलींचीच तर मॅच होती."

घेणार मनावर. त्या बाराही आमच्याच आहेत. चार नंबरची अजून दोन वर्षं आहेत, अकरा नंबरचं एक. पुढच्या झोनलला मुलींच्या सामन्याआधी टेबलावर चोवीस सेकंदांचं घड्याळ चालू दिसलं नाही, तर आम्ही पायऱ्यांवरून उठून कोर्टच्या मधोमध येऊन बसू. सात नंबरचे आजोबासुद्धा येणार आहेत, त्यांनी आजच सांगितलंय. स्टेजवरच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते यजमानांनी आत्तापासून ठरवून ठेवावं.