पेपरवर नावे कुणाची, हे पहिल्या आठवड्यातच ठरावे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी जवळजवळ आठ महिने एका प्रथिनाच्या शुद्धीकरणाचे काम केले. चार अंश तापमानाच्या कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून प्रथिने वेगळी करणाऱ्या नळीसमोर, म्हणजे कॉलमसमोर बसायचे, त्यातून उतरणारे नमुने, म्हणजे फ्रॅक्शन गोळा करायचे आणि प्रथिन शुद्ध झाले का हे रात्री उशिरा जेल चालवून बघायचे, असा तो क्रम होता. वर्षभराने त्या प्रथिनावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, प्रसिद्ध झाला, तेव्हा माझे नाव लेखकांमध्ये नव्हते, आभाराच्या एका ओळीत होते. मला कुणी ठरवून फसवले असे मी आजही म्हणणार नाही. लेखक कोण असतील, हे काम सुरू होताना कुणी बोललेच नव्हते, आणि विचारण्याची माझी हिंमत नव्हती.

आज माझ्याकडे चार विद्यार्थी पीएचडी करतात. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच आठवड्यात आम्ही एक कागद लिहितो: प्रयोग कोणाचा, फर्स्ट ऑथर, म्हणजे पेपरवर पहिले नाव, कोणाचे, सुट्टी कशी मागायची, रसायनांची ऑर्डर आणि ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राची) पाळी कोणत्या महिन्यात कुणाची. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही, कारण पाळी लिहिलेली नसेल तर स्टॉकची वही आणि पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था न सांगता मुलींकडे जाते, हे मी बारा वर्षे पाहत आले आहे. कामाचा वाटा बदलतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तो कागद पुन्हा काढतो.

संशोधनात विद्यार्थ्याचे बरेचसे भवितव्य एकाच व्यक्तीच्या, म्हणजे गाइडच्या (मार्गदर्शकाच्या), हाती असते. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्या हटून बसल्यावर वर्षभर काम पाहण्याच्या अटीवर दिला. त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. रामन यांच्या विज्ञानाबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच वाटते की असे निर्णय कितीही मोठ्या माणसाच्या एकट्याच्या मर्जीवर सोडू नयेत.

आजचे नियमही इथे अपुरे पडतात. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक केली, ती आवश्यकच होती. पण सर्वांसमोर केलेला अपमान किंवा सिनॉप्सिसवरची (प्रबंधाच्या सारांशावरची) अडवून ठेवलेली सही तिच्या कक्षेत येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, मात्र त्या समितीचा निमंत्रक गाइडच असतो. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याच्यासमोर विद्यार्थ्याने काय बोलावे? त्या बैठकीची शेवटची पंधरा मिनिटे गाइडने बाहेर थांबावे, एवढी साधी सुधारणा कोणताही विभाग उद्यापासून करू शकतो.

फेलोशिपचेही तसेच. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती कित्येकदा तीन-चार महिने येत नाही, आणि पाषाण-बाणेरचे घरमालक भाड्यासाठी थांबत नाहीत. उसनवारी करणाऱ्या विद्यार्थ्याकडून शांत चित्ताने प्रयोगाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

हे सारे मी केवळ माणुसकीपोटी लिहीत नाही. प्रयोग फसला हे सांगायला विद्यार्थी घाबरला, तर तो नकोसा बिंदू आलेखातून गाळतो, आणि त्या आलेखावर पुढचे दोघे आपली वर्षे खर्च करतात. मागच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी वही घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, तीनदा केलं, आधीचा आकडा येत नाहीये.” तो आधीचा आकडा मी स्वतः काढलेला होता. आम्ही पेपरचा मसुदा बाजूला ठेवला आणि सोमवारपासून तो प्रयोग दोघींनी पुन्हा लावला.