'परक्यांची रद्दी' जमवण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथेच चार ओळी लिहून मोकळा झालो असतो, पण तुम्ही मुद्द्याला हात घातलाय, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. जॉर्ज हेरिमन, मिल्टन कॅनिफ, अ‍ॅलेक्स रेमंड अशा अमेरिकन वर्तमानपत्री चित्रमालिका काढणाऱ्यांचे जुने प्रेस फोटो आणि जमलं तर एखादं मूळ चित्र मी गोळा करतो, त्याबद्दल तो लेख होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही परक्यांची रद्दी आहे. सगळं स्कॅन होऊन फुकट मिळत असताना कागद विकत घेणं म्हणजे पैशाचा माज. कॉमिक स्ट्रिपचं खरं रूप छापलेलं. मूळ चित्र हा छपाईचा कच्चा माल, तो पुजण्यात अर्थ नाही. असल्या वस्तू संग्रहालयात हव्यात, कुणाच्या कपाटात नाहीत. आणि एवढी हौस आहे तर मराठी चित्रकारांकडे का बघत नाही?

'छापलेलं तेच खरं' हा तुमचा सगळ्यात तगडा मुद्दा, म्हणून आधी तोच घेतो. तो निम्मा मला मान्य आहे. विन्सर मॅकेचा 'लिटल नीमो' १५ ऑक्टोबर १९०५ पासून न्यूयॉर्क हेरल्डमध्ये येऊ लागला. त्याचं मूळ पान म्हणजे जाड कार्डावर काळ्या शाईत काढलेल्या रेषा. ज्या रंगांसाठी आपण नीमोला डोक्यावर घेतो ते रंग चढले ब्लॉक (छपाईचे धातूचे ठसे) आणि छपाईच्या टप्प्यावर. म्हणजे रंगीत नीमो हवा असेल तर वर्तमानपत्राचं पानच पाहिलं पाहिजे, मूळ चित्रात तो सापडणार नाही. इथपर्यंत तुम्ही बरोबर.

पण छापलेलं म्हणजे कुठलं छापलेलं? एकच रविवारची मालिका एका पेपरात पूर्ण पान यायची, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात त्याहून लहान. जागा कमी पडली तर गाळता याव्यात म्हणून काही चौकटी मुद्दाम बिनमहत्त्वाच्या काढलेल्या असत. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली तेव्हा हॅल फॉस्टरने 'प्रिन्स व्हॅलिअन्ट'च्या पानात खाली मध्ययुगीन किल्ल्यावरची एक वेगळी छोटी मालिका जोडली (१९४४–४५). हेतू हाच, की ज्या पेपराला परवडत नाही त्याने ती छाटावी आणि मुख्य कथेला धक्का लागू नये. पूर्ण पान काय होतं हे छाटलेल्या कागदावरून कसं कळणार?

आणि आपल्याच घरचं उदाहरण घ्या. तुमच्यामाझ्या पिढीने वेताळ (मूळचा 'फँटम') वाचला तो इंद्रजाल कॉमिक्समध्ये. टाइम्स ऑफ इंडियाने ते १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं आणि पुढे मराठीतही आणलं. वेताळाचा लेखक ली फॉक, त्याच्या वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्ट्या तिथे कापून, चौकटींची मांडणी बदलून, मजकूर आवळून पुस्तकाच्या मापात बसवल्या जायच्या. मूळ कथेतल्या देशाचं नाव 'बंगाल'ची आठवण करून देणारं होतं म्हणून आपल्याकडे ते 'डेंकाली' झालं. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. त्या अंकांवर माझाही जीव आहे, पण रे मूरने १९३६ मध्ये वेताळ कसा काढला होता, अंधार किती आणि कसा वापरला होता, हे त्यांवरून ठरवायला गेलो तर बिचाऱ्या मूरवर अन्याय होईल.

मूळ चित्रात काय मिळतं हे आता सांगतो. फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा दिसतात. त्या ब्लॉकच्या कॅमेऱ्यात उमटत नसत, म्हणून पुसायची गरज नसे. चित्रकाराने आधी काय ठरवलं होतं आणि शाई लावताना काय बदललं ते त्यातून वाचता येतं. चुकलेला चेहरा पांढऱ्या रंगाखाली दडलेला असतो. हेरिमनच्या पानांवर तर पात्याने शाई खरवडून काढलेल्या पांढऱ्या रेषा दिसतात. छापलेल्या पानात ती नुसती पांढरी रेघ असते. कार्डावर कागदाचा पापुद्रा निघालेला डोळ्यांना कळतो. शिवाय माप. प्रिन्स व्हॅलिअन्टचं मूळ पान दोन फुटांहून रुंद असतं. एवढ्या मैदानात हात कसा फिरला असेल याचा अंदाज स्कॅनवरून मला तरी कधी आला नाही.

फोटोंवर तुम्ही एका वाक्यात फुली मारलीत: 'मेलेल्या माणसांच्या थोबाडात काय बघायचं.' इथे मात्र मी जोरात भांडणार.

हेरिमनचा जन्म न्यू ऑर्लिन्समधला, १८८० चा. 'क्रेझी कॅट' ही त्याची एका मांजरीची मालिका १९१३ पासून १९४४ पर्यंत, म्हणजे त्याच्या मरणापर्यंत चालली. सहकारी त्याला 'ग्रीक' म्हणत. मृत्यूच्या दाखल्यावर तो गोरा आहे. आणि १९७१ मध्ये आर्थर एसा बर्गर या अभ्यासकाने त्याचा जन्मदाखला उघड केला, तर त्यावर वंशाच्या जागी 'कलर्ड', म्हणजे कृष्णवर्णीय, लिहिलेलं! आता त्याचे फोटो काढून बघा. बहुतेकांत डोक्यावर हॅट आहे. स्टुडिओत, ड्रॉइंग बोर्डासमोर, घरात बसलाय तरी हॅट. वंश उघड करणारे केस दिसू नयेत म्हणून, असा तर्क त्याच्या अभ्यासकांनी केला, आणि तो करता आला तो फोटो सुटे न पडता एकत्र पाहता आले म्हणून. एक फोटो म्हणजे एक हॅट. वीस फोटो शेजारी ठेवले की प्रश्न उभा राहतो. त्यानंतर ती मांजर, जिचा रंग आणि लिंग दोन्ही बदलत राहतं, वेगळ्याच नजरेने वाचली जाते. हे थोबाडात बघितल्याने कळलं.

फोटो बघण्याचं दुसरं कारण जरा कोरडं आहे, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्ट्रिपवर नाव एकाचं यायचं, काम अनेकांचं असायचं. कॅनिफच्या 'टेरी अँड द पायरेट्स'मधली अक्षरं फ्रँक एंग्ली काढायचा. नोएल सिकल्स आणि कॅनिफ न्यूयॉर्कमध्ये एका स्टुडिओत काम करत आणि एकमेकांच्या कामात हात घालत. ब्रशच्या काळ्या डागांतून सावली उभी करायची जी रीत आपण 'कॅनिफ शैली' म्हणतो ती मुळात सिकल्सची. रेमंडच्या 'फ्लॅश गॉर्डन'मागे ऑस्टिन ब्रिग्ज होता. १९४४ मध्ये रेमंड मरीन दलात गेला तेव्हा रविवारचं पानही त्याच्याकडे आलं. वर्तमानपत्राच्या पानावर ही माणसं नाहीत. ती सापडतात पत्रांत, हिशेबात, आणि स्टुडिओच्या एखाद्या फोटोत मागच्या टेबलावर मान खाली घालून बसलेली.

फोटो खोटं बोलतात हेही खरं. सिंडिकेटचे, म्हणजे मालिका अनेक वर्तमानपत्रांना विकणाऱ्या कंपनीचे, प्रसिद्धीचे फोटो रचलेले असत: टाय लावलेला चित्रकार, शाई कधीच वाळलेल्या पूर्ण चित्रावर ब्रश टेकवून कॅमेऱ्याकडे हसतोय. म्हणूनच फोटोची पाठ बघायची असते. तिथे वर्तमानपत्राच्या लायब्ररीचा तारखेचा शिक्का, टाइप करून डकवलेली ओळखीची चिठ्ठी, कधी आणखी एखाद्या पेपराचा शिक्का. अमेरिकेतल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी आपली फोटोंची दफ्तरं गेल्या काही दशकांत विकून टाकली आणि ते फोटो सुटे सुटे ऑनलाइन लिलावात आले. माझ्यासारख्याला ते परवडतात ते यामुळेच. एखाद्या चांगल्या चित्रांच्या पुस्तकाच्या किमतीत बरा प्रेस फोटो मिळतो. मूळ चित्रांची गोष्ट निराळी. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज' या चित्रमालिकेचं १९८६ मधलं एक रंगवलेलं रविवारचं पान २०१२ मध्ये दोन लाख डॉलरच्या वर गेलं. तेव्हा 'पैशाचा माज' करायची इच्छा असती तरी ऐपत नाही.

आता संग्रहालयाचा मुद्दा. तुमचं म्हणणं तत्त्वतः बिनतोड आहे. इतिहास मात्र उलटा घडलाय. मूळ चित्रं छापून झाली की सिंडिकेटच्या लेखी त्यांची किंमत शून्य. 'बीटल बेली'वाला मॉर्ट वॉकर सांगायचा की किंग फीचर्स या सिंडिकेटच्या कचेरीत छत गळत होतं आणि खालचं पाणी टिपायला क्रेझी कॅटची मूळ पानं अंथरली होती. त्याने १९७४ मध्ये कनेक्टिकटमधल्या ग्रिनिचला कार्टूनचं संग्रहालय उघडलं, त्यामागे असलेच अनुभव होते.

छापील पानांची कथा आणखी वाईट, आणि तिथे गुन्हेगार म्हणजे खुद्द ग्रंथालयं. मायक्रोफिल्म काढली की वर्तमानपत्रांचे बांधीव खंड काढून टाकायचे, हे धोरण अमेरिकेत जोरात राबवलं गेलं. मायक्रोफिल्म काळी-पांढरी. म्हणजे पन्नास-साठ वर्षांचे रविवारचे रंग शहाण्यासुरत्या लोकांनी, जागा वाचवण्याच्या नावाखाली, टाकून दिले. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या एका माणसाने ते मागायला सुरुवात केली. खासगी माणसाला देता येत नाही म्हणाले, तर पठ्ठ्याने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या घरातच एक संस्था नोंदवली! मग देशभरच्या ग्रंथालयांतून खंड आणून घर तळघरापर्यंत भरलं, मालिकांनुसार कात्रणं लावली. १९९७–९८ मध्ये हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाने घेतला तेव्हा न्यायला सहा मोठे ट्रक लागले. वजन ७५ टन, कात्रणं आणि पानं मिळून सुमारे २५ लाख. तुम्ही 'फुकट स्कॅन' म्हणता त्यांची आणि क्रेझी कॅटच्या रविवारच्या पानांच्या पुस्तकांची मुळं शोधत गेलात तर फार वेळा याच किंवा असल्याच एखाद्या नादिष्टाच्या घरात पोचाल.

त्याच विद्यापीठाकडे कॅनिफने १९७७ मध्ये आपलं सगळं दफ्तर दिलं होतं. वॉकरच्या संग्रहालयातल्या वस्तूही, ते बंद पडल्यावर, २००८ मध्ये तिथेच आल्या. आज बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालय म्हणून ते जे उभं आहे त्यात विद्यापीठाच्या दूरदृष्टीइतकाच खासगी वेडाचाही वाटा आहे. म्हणून 'कपाटात नको' हे मला अर्धवट वाटतं. आधी कुणाच्या तरी कपाटात होतं म्हणून तर संग्रहालयाला मिळालं.

संग्राहक सगळे सज्जन असतात असं मी म्हणत नाही. बांधीव खंड फाडून पानं सुटी विकणारे व्यापारी आहेत, आणि ते घेणारे आहेत म्हणूनच ते आहेत. वस्तू घेऊन तिजोरीत टाकणारे, अभ्यासकाला साधा फोटोही न देणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल तुम्ही वापरलेले शब्द सौम्यच म्हणायचे. माझ्यापुरतं सांगायचं तर फाडलेल्या खंडातलं पान मी घेत नाही, आणि जे आहे ते मोठ्या मापात इथे टाकतो.

राहिला मराठीचा मुद्दा. 'आधी घरचं बघा' हा युक्तिवाद मला एरवी आवडत नाही, कारण तो करणारा माणूस घरचंही बघतोच असं नाही. पण खंत खरी आहे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची मूळ चित्रं कुठे गेली हे मी दोन-तीन चित्रकारांच्या घरी विचारलं, तेव्हा उत्तर एकच मिळालं: ब्लॉक करायला गेलं ते परत आलं नाही. गोव्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं नशीब चांगलं. १९७४ मध्ये ते अमेरिकेत गेले होते, 'पीनट्स'वाल्या चार्ल्स शुल्झला भेटले होते. त्यांची हजारो चित्रं शोधून, जमवून पुस्तकात आणली ती जेरार्ड द कुन्या या वास्तुविशारदाने. म्हणजे तिथेही पुन्हा एक नादिष्टच निघाला. पुण्या-मुंबईत असं कुणी करत असेल तर माझे फोटोंचे पैसे मी आनंदाने तिकडे वळवीन. तुमच्या ओळखीत जुन्या ब्लॉकमेकरचं घर असेल तर मात्र लगेच कळवा. पावसाळ्याच्या आधी गेलेलं बरं.

शेवटी तुम्ही विचारलंय, रेमंडच्या फोटोखाली मी तारीख का दिली नाही. पाठीवरची चिठ्ठी अर्धी फाटलेली आहे, तारखेचा कोपरा गेलाय. फोटोत बोर्डावर त्याची 'रिप कर्बी' ही मालिका आहे. ती मालिका ४ मार्च १९४६ ला सुरू झाली आणि पट्ट्या छापण्याच्या काही आठवडे आधी तयार होत, म्हणजे फोटो लवकरात लवकर त्या वर्षाच्या सुरुवातीचा, त्याआधीचा नाही. ६ सप्टेंबर १९५६ ला कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला मोटार अपघातात रेमंड गेला, ती दुसरी हद्द. दहा वर्षांचा पट्टा फारच मोठा आहे. मात्र बोर्डावरच्या पट्टीतली मधली चौकट स्पष्ट दिसते: दारात उभी बाई, हातात सिगारेट, मागे जिना. दोन्ही बाजूंचे स्कॅन या आठवड्यात टाकतो. तुमच्याकडे रिप कर्बीचे खंड आहेत असं तुम्हीच लिहिलंय. ती चौकट त्यात सापडली तर छापल्याची तारीख कळवा, फोटोची तारीख त्याच्या पाच-सहा आठवडे मागे धरू.