आधी गिअरिंग, लॉकर नंतर: जिप्सीच्या ट्रान्स्फर केसवरच्या कॉमेंटला उत्तर

दादा, एवढी सविस्तर कॉमेंट टाकलीत त्याबद्दल मनापासून थँक्स. दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून जरा लांबवतोय. बाकीच्यांसाठी आधी सांगतो, मी मागच्या लेखात लिहिलं होतं की मारुतीच्या जिप्सी किंगला मोठे टायर टाकणार असाल तर सोबत जुन्या ९७० सीसी जिप्सीचा, म्हणजे एमजी ४१० चा ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सकडून आलेली पॉवर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा, हाय आणि लो असे दोन गिअर असलेला डबा) बसवा, आणि बजेट असेल तर ४.१६ चा लो गिअर सेट. तुमचं म्हणणं, हे पैसे वाया, लो गिअरने टॉर्क (फिरवायचा जोर) वाढतो आणि पुढचे जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला पॉवर पोचवणारे सांधे) तुटतात, त्यापेक्षा पुढच्या-मागच्या दोन्ही डिफला (डिफरन्शियलला) लॉकर टाका, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरेल, आणि जुन्या बलेनो सेदानचं १.६ इंजिन बसवा, विषय संपला.

मला हे पटत नाही, आणि का ते आकड्यांनीच दाखवतो.

किंगचा ओरिजिनल टायर २०५/७० आर १५, उंची साधारण ६६८ मिमी. लोक टाकतात २३५/७५, तो ७३३ च्या आसपास, म्हणजे जवळपास १० टक्के मोठा, आणि तेवढंच गिअरिंग उंच होतं, म्हणजे चाकाला जोर कमी मिळतो. आता किंगच्या ट्रान्स्फर केसचा हाय १.४०९ आणि लो २.२६८, जुन्या ४१० चा हाय १.५८० आणि लो २.५११. म्हणजे हायमध्ये १२ आणि लोमध्ये साधारण ११ टक्के फरक, टायरने जे घालवलं ते सगळं परत मिळालं! पाचव्या गिअरला ८० च्या स्पीडला इंजिन पुन्हा २८०० आरपीएमच्या आसपास येतं, नुसते टायर वाढवले तर ते २५०० ला खाली जातं आणि खंबाटकी चढताना चौथा टाकावा लागतो. हा केस जुन्या बाजारात मिळतो, जिप्सीत तो गिअरबॉक्सला जोडलेला नाही, मधे छोटा शाफ्ट आहे, त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता बदलता येतो. फक्त फ्लँजची भोकं जुळतात का ते आधी बघा आणि बेअरिंग, सील, माउंटचे रबर नवेच टाका, तिथे काटकसर नको.

आता तुमचा मुख्य मुद्दा, टॉर्क वाढला की जॉइंट तुटणार. ऐकायला बरोबर वाटतं. पण जॉइंटवर किती लोड येणार हे एकट्या गिअरवर ठरत नाही, टायरला खाली ग्रिप किती आहे त्यावर पण ठरतं. गाडी माणसं-सामान धरून १२०० किलो समजा, कोरड्या दगडावर चारही टायर मिळून साधारण ३४०० ते ३५०० न्यूटन मीटर घेतील, त्याच्यापुढे टायर घसरणार. ओरिजिनल किंगमध्ये फर्स्ट लोचा एकूण रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या) ३२.४ येतो, इंजिनचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर, गुणाकार ३३०० च्या वर. पण हा १०३ येतो कधी, ४५०० आरपीएमला! म्हणजे मोठ्या दगडावर चढायचं तर इंजिन ओरडवा, हाफ क्लच मारा, झटक्याने सोडा. आणि जॉइंट तुटतो तो याच झटक्यात, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, चाक हवेत फिरतंय आणि अचानक दगडावर आपटून पकडतंय. मी तुटलेले जेवढे जॉइंट बघितलेत ते बहुतेक असेच गेलेत. ४.१६ टाकला की रेशो ५९ च्या पुढे जातो, आयडलला गाडी ताशी दोन किलोमीटरपेक्षा कमी स्पीडने सरकते, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावला तरी चढते. झटका द्यायची गरजच पडत नाही.

तुमचं एक मात्र शंभर टक्के खरं. चाक दोन दगडात अडकलंय, स्टिअरिंग फुल लॉकला आहे आणि तुम्ही फर्स्ट लोमध्ये ॲक्सिलरेटर दाबताय, तर ४.१६ वाली गाडी जॉइंट लवकर मोडेल, कारण तिथे घसरायला जागाच नाही. तिथे पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ करायचं, मागे घ्यायचं. आणि मुळशीकडच्या पावसाळी चिखलात एवढा हळू गिअर उपयोगाचा नाही, टायरमधली माती फेकायला चाक फिरावं लागतं, तिथे लोमध्येच दुसरा-तिसरा टाकायचा.

आणि लॉकर? ओपन डिफमध्ये, म्हणजे लॉकर नसताना, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच जातो, म्हणून एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही फारसं काही मिळत नाही. यात त्रास आहे पण जॉइंट त्यामुळेच वाचतो. पुढे लॉकर टाकला की सगळा टॉर्क एकाच जॉइंटवर येऊ शकतो, आणि ओरिजिनल जॉइंट ठेवून हे करणं मला धोक्याचं वाटतं. मागे लॉकर जरूर टाका, पण गिअरिंग झाल्यावर. १.६ इंजिनने हायवेला मजा येते हे मान्य, पण झटका कमी होत नाही, उलट वाढतो, शिवाय आरसीवरचा इंजिन नंबर, आरटीओची परवानगी, इन्शुरन्स हे सगळं मागे लागतं. जुना पार्ट शोधत फिरणाऱ्या पोराला मी हा रस्ता सांगणार नाही.

अजून एक, जे माझ्या लेखात यायला हवं असं तुम्ही सुचवलंत ते क्राउन-पिनियन, म्हणजे डिफमधली मुख्य गिअरची जोडी, बदलण्याचं. तो उपाय चांगला आहे, प्रॉपेलर शाफ्टवर लोड वाढत नाही, पण पुढचं आणि मागचं दोन्ही डिफ एकाच रेशोचं करावं लागतं, नाहीतर फोर बाय फोर टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडणार. आणि शिम (पातळ चकत्या) लावून प्ले (दातांमधली मोकळी जागा) आणि दातांचा कॉन्टॅक्ट नीट बसवणारा फिटर हवा, असे हात आता कमी राहिलेत. तुमच्याकडे असा माणूस असेल तर खुशाल करा.

तुमच्या गाडीला आत्ता कुठले टायर आहेत, आणि ती जास्त दगडात अडकते की चिखलात, एवढं लिहा. पुढच्या नकलचं (ज्यावर चाक वळतं आणि ज्याच्या आत जॉइंट असतो त्या भागाचं) झाकण उघडून ग्रीस पण बघा, ते पातळ झालेलं असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफचं ऑइल जॉइंटमध्ये येतंय, मग कुठलाही गिअर टाकायच्या आधी ते काम करा.