सुरा हातातून पडल्यानंतरचा मार

शस्त्र दाखवून लुटणाऱ्याला लोकांनी धरून मारल्याचा व्हिडिओ आला की खाली दोन सूर ठरलेले असतात. ‘बरं झालं, अशांना असंच पाहिजे’ हा एक. ‘कायदा हातात घेऊ नका’ हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिला सूर लावणाऱ्यांना मार थांबवायचा कुठे, हे सांगता येत नाही. आणि दुसरा लावणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की अशा वेळी कायद्यानंच सामान्य माणसाच्या हातात बरंच काही दिलेलं आहे.

भारतीय न्याय संहितेतली, म्हणजे आपल्या फौजदारी कायद्यातली, ३४ ते ४४ ही कलमं वाचून बघा. कलम ३५ स्वतःच्या शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क देतं, तसाच दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा आणि मालमत्तेचा. म्हणजे समोर एखाद्या अनोळखी बाईच्या गळ्याला सुरा लावलेला असेल, तर तिचा कुणीही नसलेला माणूसही पुढे होऊ शकतो. कलम ४१ तर सांगतं की जबरी चोरी रोखताना चोराचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. इंग्लंडमध्ये १९६७ च्या फौजदारी कायद्याचं कलम ३ कुणालाही गुन्हा रोखण्यासाठी त्या परिस्थितीत वाजवी ठरेल एवढं बळ वापरू देतं. बघ्यानं हात बांधून उभं राहावं, असं हे कायदे म्हणत नाहीत.

मात्र या हक्काला मुदत असते, आणि बहुतेक लोक विसरतात ती हीच गोष्ट. आपल्याकडे कलम ३७ म्हणतं, बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. कलम ४३ जबरी चोरीच्या बाबतीत वेळही ठरवून देतं. चोर कुणाला मारतोय, जखमी करतोय, अडवून धरतोय किंवा तसा प्रयत्न करतोय, अथवा हे सगळं आत्ता या क्षणी होईल अशी भीती आहे, तोवर हा हक्क. भीती संपली की हक्कही संपला. चोर वाईट आहे, त्यानं पूर्वी चार जणांना लुटलंय, तो उद्या जामिनावर सुटेल, यातलं काहीही ही मुदत वाढवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘जमावानं किती मारलं’ हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. जमाव मारत नाही, माणसं मारतात, आणि प्रत्येकाचा हात उठला तेव्हा समोर धोका किती होता, हे ज्याचं त्याचं वेगळं मोजावं लागतं.

जो पहिला झेपावतो, त्याच्याबद्दल माझ्या मनात प्रचंड आदर आहे आणि त्याला मी जवळजवळ सगळं माफ करीन. डेनिस ट्युलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकानं १९८३ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण पोलीस प्रशिक्षणात आजही सांगितलं जातं: चाकू घेतलेला माणूस साधारण २१ फुटांचं अंतर दीड सेकंदात पार करतो. दीड सेकंदात माणूस कसला विचार करणार? हातात आलेली खुर्ची घालायची की काठी, मनगटावर मारायचं की डोक्यावर, हे ठरवायला त्याला उसंत नसते. वार डोक्यात बसला आणि चोर दगावला, तर नंतर पंख्याखाली बसून ‘हातावर मारायला हवं होतं’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. १९७१ च्या ‘पामर’ खटल्यात, राष्ट्रकुलातल्या काही देशांची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हेच मान्य केलं की हल्ला होत असताना बचावाचं नेमकं माप काढणं माणसाला शक्य नसतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही बचावाचा तोळा-मासा हिशेब मागता येत नाही, हे वारंवार सांगितलंय. इतकी सवलत मला योग्य वाटते. उलट ती नसेल तर कुणीच पुढे येणार नाही.

आता पुढची दोन मिनिटं बघा. सुरा लांब जाऊन पडलाय. चोर खाली आहे, दोघांनी त्याचे हात धरलेत. आणि आता गर्दी वाढते! मघाशी मागे सरकलेले, दुकानाच्या आत गेलेले, नुकतेच गाडी लावून आलेले, सगळे पुढे येतात आणि जो तो हात धुवून घेतो. कुणी बुटानं, कुणी पट्ट्यानं, कुणी हेल्मेटनं. यातल्या कुणालाही सुऱ्याचा धोका नव्हता आणि नाही. काय घडलं हेही अनेकांनी पाहिलेलं नसतं. ‘चोर आहे’ एवढं ऐकलं की पुरतं. माणसं मरतात ती बहुतेकदा या उशिरा आलेल्यांच्या मारानं, असं मला वाटतं. आणि नंतर गुन्हा दाखल झाला की न्याय संहितेच्या कलम १९० खाली, म्हणजे बेकायदा जमावातल्या एकाच्या गुन्ह्याला सगळेच जबाबदार या नियमाखाली, कोण कोण ओढलं जाईल, सांगता येत नाही. पहिल्या शूर माणसालाही त्याच रांगेत उभं केलं जाऊ शकतं. त्याच्या शौर्याची माती हे लोक करतात, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

इंग्लंडमधल्या २००८ च्या एका घटनेचा खटला इथे फार बोलका आहे. तिघे जण चाकू घेऊन एका घरात घुसले, त्यांनी कुटुंबाला बांधून घातलं, ठार मारण्याच्या धमक्या दिल्या. मुलगा निसटला, त्यानं काकाला बोलावलं. चोर पळाले. बाप आणि काकानं काही जणांसह पाठलाग करून एकाला रस्त्यावर पाडलं आणि इतकं मारलं की क्रिकेटच्या बॅटचे तुकडे झाले. चोराच्या मेंदूला कायमची इजा झाली. बापाला अडीच वर्षांची कैद झाली आणि देशभर संताप उसळला. जानेवारी २०१० मध्ये अपील न्यायालयानं त्याची शिक्षा एक वर्षावर आणून स्थगित केली, काकाची दोन वर्षांवर आणली. पण दोघांवरचा दोष कायम राहिला. मुलाबाळांसमोर बांधला गेलेला बाप संतापाच्या भरात काय करून बसतो, हे कुणालाही कळतं, म्हणून दया. तरीही रस्त्यावर पडलेल्या माणसावर बॅट तुटेपर्यंत मारणं हा बचाव नव्हता. मला हा निकाल अगदी बरोबर वाटतो. आणि जो माणूस त्या घरातला नाही, ज्याची मुलं बांधलेली नव्हती, त्या बघ्याला तर त्या दयेवरही हक्क सांगता येत नाही.

‘मग त्यानं सुरा काढलाच कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सुरा काढणाऱ्यानं त्या क्षणापुरता स्वतःचा जीव पणाला लावलेला असतो. म्हणूनच तर झटापटीत तो मेला तर वाचवणाऱ्याला मी दोष देत नाही. पण झटापट संपल्यावर जे होतं ती शिक्षा असते. प्राणघातक शस्त्र वापरून केलेल्या जबरी चोरीला कायदा किमान सात वर्षांची कैद सांगतो. ती न्यायालय देईल, पुरावा बघून देईल, आणि चुकीचा माणूस पकडला असेल तर सोडेलही. खटले रखडतात हे खरं आहे आणि त्याची चीड मलाही येते. पण ती चीड न्यायालयांवर, सरकारवर काढायला हवी. खाली पाडून धरलेल्या माणसाच्या बरगड्यांवर नव्हे.

धरून ठेवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे वाईट हेतू नसतानाही जीव जातात. माणसाला पालथा पाडून त्याच्या पाठीवर दोघे-तिघे बसले की छाती फुगायला जागा राहत नाही. श्वासासाठी तो धडपडतो, वर बसलेल्यांना वाटतं अजून झटतोय, म्हणून ते आणखी जोर देतात. काही मिनिटांत खेळ संपतो. गळा आवळणं तर त्याहून वाईट. मेंदूकडे जाणारं रक्त दाबलं गेलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. हातपाय धरा, शस्त्र पायानं दूर सारा, त्याला कुशीवर वळवा, तो बोलतोय का बघा. ११२ ला फोन करा. नागरिकानं पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं असतं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाची रीत ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम ४० सांगतं. आणि एकदा त्याला धरलं की त्याचा जीव ही धरणाऱ्यांची जबाबदारी झाली. उशिरा येऊन हात साफ करू पाहणाऱ्यांना अडवणं हेही त्या जबाबदारीत आलं. तेवढ्या गर्दीत ‘बास, आता कुणी हात लावायचा नाही’ असं ओरडणाऱ्यालाही पहिल्या झेप घेणाऱ्याइतकीच छाती लागते.

बंदूक बाळगणाऱ्या बघ्याचा प्रश्न वेगळा. त्याची गोळी मागच्या माणसाला लागू शकते, आणि नंतर येणाऱ्या पोलिसांना गुन्हेगार कोण, हे कळायला वाव नसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या अरवाडा इथे एका नागरिकानं पोलिसाला मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला टिपलं आणि मागून आलेल्या पोलिसानं त्या नागरिकालाच गुन्हेगार समजून गोळी घातली.

राहिला पळणारा चोर. सुरा अजून हातात आहे, पण पाठ आपल्याकडे आहे. इथे माझं मत बऱ्याच जणांना मवाळ वाटेल. तो कुणाच्या अंगावर धावून जात असेल तर त्याला आडवा करायला हवा, जमेल त्या मार्गानं. मोकळ्या रस्त्यानं निघून जात असेल तर लांबून नजर ठेवावी, गाडीचा नंबर, कपडे, दिशा पोलिसांना सांगावी. गेलेला मोबाइल किंवा साखळी यासाठी कोपऱ्यात सापडलेल्या सुरेवाल्याशी भिडून स्वतःच्या पोटात वार घेणं, हे मला कुणाच्याही मुलाबाबत मान्य नाही. पाठीत गोळी घालणं तर नाहीच. पळणारा कुणाच्या जीवावर उठलेला नसेल तर केवळ तो निसटू नये म्हणून पोलिसांनाही त्याला गोळी घालता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच ठरवून दिलंय. जॉर्जिया राज्यात २०२० मध्ये तिघांनी व्यायामासाठी धावायला निघालेल्या एका तरुणाचा, त्याला घरफोड्या समजून, गाड्यांनी पाठलाग केला आणि त्यांच्यातल्या एकानं त्याला गोळी घातली. त्यानं काहीही चोरलेलं नव्हतं. तिघेही खुनासाठी दोषी ठरले, आणि ज्या जुन्या कायद्याचा आधार त्यांनी घेतला, तो नागरिकांना अटकेची मुभा देणारा १८६३ चा कायदा त्या राज्यानं २०२१ मध्ये रद्द केला.