बोरीबंदरचे नकाशे मेलबर्नला गेलेच नव्हते

एकोणिसाव्या शतकातल्या इमारती आणि त्यांच्यावरचं कोरीवकाम हा माझ्या पीएचडीचा विषय आहे, हे घरच्या ग्रुपला कळलं आणि तेव्हापासून एक फॉरवर्ड माझ्या मागे लागलाय. लंडनमध्ये म्हणे नकाशांच्या दोन पाकिटांची अदलाबदल झाली. मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन खरं मुंबईसाठी होतं आणि आपलं बोरीबंदरचं व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, मेलबर्नसाठी. परवा आत्याने विचारलं, "खरं का गं?"

नाही, आत्या.

आधी सालं बघ. व्हीटीचं काम १८७८ ला सुरू झालं, १८८८ ला संपलं. फ्लिंडर्स स्ट्रीटसाठी स्पर्धा भरली ती १८९९ मध्ये आणि इमारत पुरी झाली १९१० ला. व्हीटीचे नकाशे निघाले तेव्हा बदलायला दुसरं पाकीटच नव्हतं.

"लंडनहून आले" हेही चूक. व्हीटीचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स इथेच, मुंबईच्या बांधकाम खात्यात नोकरीला होता. मेलबर्नची स्पर्धा जिंकणारे फॉसेट आणि ॲशवर्थ हे तिथल्या रेल्वेचेच नोकर.

"तिकडचा घुमट भारतीय वाटतो" म्हणतात. वाटू दे. खरी गंमत जमिनीवर आहे. व्हीटीत रूळ येऊन संपतात, गाडी पुढे जाणार कुठे? फ्लिंडर्स स्ट्रीटला गाड्या आरपार जातात, म्हणून ती इमारत रस्ता आणि फलाटांच्या मधोमध लांबलचक, चिंचोळी पसरलीय. ती उचलून बोरीबंदरला ठेवली तर बसणारच नाही.

आता माझा लाडका मुद्दा, जरी तो एकट्याने पुरावा ठरत नाही. कारण कोरीवकाम मागाहूनही करता येतं. व्हीटीवरची बरीचशी नक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली घडवली. पुढच्या खेपेला लोकल पकडायच्या आधी पाच मिनिटं मान वर करून उभी राहा. पिसारा फुलवलेला मोर दिसेल, पानांच्या गर्दीत प्राणी दिसतील. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत माणसांचे चेहरे आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेले जमशेटजी जीजीभॉय आहेत, आणि आपले नाना शंकरशेटही. मेलबर्नच्या गाड्यांवर नजर ठेवायला नाना कशाला जातील?