सुटून आलेल्याला सांभाळायची सोपी पद्धत

वाचकहो, तुमच्या बिल्डिंगमध्ये, वाडीत किंवा भावकीत कुणी 'आतून', म्हणजे तुरुंगातून, सुटून येणार असेल तर घाबरून जाऊ नका. घाबरायचं काम त्याचं. गेली तीन वर्षं त्याच्या घरचे 'तो गल्फला असतो' असं सांगत आले आणि तुम्हीही 'वा, छान झालं' म्हणत आलात. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. आता तो जिन्यात भेटला की 'काय रे, खजूर नाही आणलास?' असं विचारून मोकळं व्हावं. त्यालाही बरं वाटतं, निदान आपल्याला तरी वाटतं.

त्याने खरंच काही केलं होतं का, या फंदात मुळीच पडू नका. एनसीआरबीच्या, म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्र सरकारी खात्याच्या, २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. पण आपला निकाल केव्हाच लागलेला असतो. पोलिसांची गाडी गेटात शिरली त्याच दिवशी. 'उगाच कुणी कुणाला उचलत नाही' हे आपलं कलम, आणि त्यावर अपील नाही. निर्दोष सुटला तर वकील तगडा होता, जामिनावर आला तर पैसे चारले, शिक्षा पुरी करून आला तर अट्टलच आहे. नाहक आत गेलेल्यांना भरपाई देण्यासाठी कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात सुचवलं होतं. सरकारने तो अजून केलेला नाही. मग आपणच का घाई करायची?

त्याला आणायला जाऊ नये. आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे कागद टाकायला एक पेटी आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात, शाहरुख खानच्या मुलाच्या जामिनाच्या वेळी, अख्ख्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर कागद पोचला तर ती रात्र आतच काढायची. ८०४ जणांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात तीन-तीन हजार माणसं राहून गेली आहेत, त्यात आणखी एका रात्रीने काय बिघडतं! जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत बसून राहिलेले तर कितीतरी. त्यांच्यासाठी २०२३ साली केंद्राने ४० हजारांपर्यंत मदतीची योजनासुद्धा काढली, तेव्हा आपला सातबारा आपल्या गादीखालीच राहू द्या.

आता तो घरी आला. इथून पुढे जरा लक्ष देऊन वाचा, कारण हा माणूस काही गमती करणार आहे.

पहाटे साडेपाचला उठेल, अंथरुणाची चौकोनी घडी घालील आणि गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसेल. गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, व्हायची असते. गिनती होत नाही, तरी बसून राहील. रात्री दिवा घालवू देणार नाही, कारण बराकीतला दिवा कधी विझतच नव्हता. संध्याकाळी ऊन उतरायच्या आधीच जेवायला मागेल आणि ताट कुणी ओढून नेईल अशा बेताने चार घासांत संपवेल. मोरीत जातानासुद्धा 'जाऊ का?' म्हणून विचारेल. आणि दार. नुसतं लोटलेलं दार असतं, कडीही घातलेली नसते. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहील, दोन्ही हात अंगाशी धरून. बायको ओट्याशी कणीक मळत असते, कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. तिचं लक्ष जाईपर्यंत दहा मिनिटं झालेली असतात. तो तसाच उभा असतो. कुणीतरी बाहेरून उघडेल, मग जायचं.

या सगळ्याचं निदान करायला डॉक्टर कशाला हवा? पहिला आठवडा 'ओशाळलाय' म्हणावं. दुसऱ्या आठवड्यात 'माज आलाय'. महिना उलटला की 'बाहेरचं काहीतरी लागलंय' हे ठरलेलं. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तेव्हा भगताला बोलवायचं ते दिवेलागणीनंतर आणि मागच्या दाराने. त्यानेही गुण आला नाही तर लग्न करून द्यावं, ताळ्यावर येतो. लग्न झालेलं असेल तर मूल होऊ द्यावं. मूलही असेल तर मग काय, 'मुलांच्या तोंडाकडे बघ' हा उपचार बारा महिने फुकट मिळतो.

कुणी शहाणा म्हणेल, त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. त्या शहाण्याला सांगा, आत असतानाच सगळी सोय झालेली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०३ उघडा. राज्यातल्या निदान एका तरी तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं, असं त्यात आहे. शिवाय तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा. कसला? तर आमच्या तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही, असं प्रमाणित करणारा. हे मी रचलेलं नाही, कायद्यातच आहे. हेतू चांगलाच होता: जो आजारी असेल त्याला तुरुंगात डांबून न ठेवता उपचाराच्या जागी हलवावं. पण 'नाहीत' लिहायला नुसतं पेन लागतं, हलवायला पोलिसांची एस्कॉर्ट पार्टी लागते, गाडी लागते, आणि पार्टी त्या दिवशी बंदोबस्ताला गेलेली असते. तेव्हा तुमचा माणूस गेटाबाहेर पडताना कागदोपत्री ठणठणीत असण्याची शक्यता पुष्कळ. आत त्याला रात्रीच्या गोळ्या चालू होत्या म्हणता? त्या आतल्या डॉक्टरने दिलेल्या. चिठ्ठी फायलीत, फाईल कपाटात. अशा गोळ्या एकदम तोडल्या तर आजार उलटतो असं डॉक्टर लोक म्हणतात. त्यांना त्यांचा धंदा आहे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा एक अभ्यास २००७ साली छापून आला. तुरुंगातून सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत माणूस मरण्याचा धोका बाहेरच्या लोकांच्या जवळजवळ तेरापट निघाला. मादक पदार्थांचा अतिरेक, हृदयविकार, खून, आत्महत्या. ते तिकडचं झालं. आपल्याकडची व्यवस्था जास्त नेटकी आहे. २०२२ मध्ये आपल्या तुरुंगांत अनैसर्गिक मृत्यू १५९ झाले, त्यांतल्या ११९ आत्महत्या, हे एनसीआरबीने छापलेलं आहे. पण त्या अहवालातले मृत्यू गेटाच्या आतले. माणसाने गेटाबाहेर पाऊल टाकलं की त्याचा रकानाच संपतो. त्यानंतर तो मेला तर आपल्या मरणाने मेला.

फोनवरची सोयही आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस सुरू आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. चांगली गोष्ट आहे, हे मी वाकडं तोंड न करता म्हणतो. फक्त त्याला फोन लावू देऊ नका. लावणार तरी कुठून म्हणा! त्याचा फोन मुद्देमालात जमा आहे, तो सोडवायला कोर्टात अर्ज, अर्जाला वकील, वकिलाला फी. जुनं सिम केव्हाच बंद पडलंय, नवं घ्यायचं तर आधार लागतं, आणि आधारवरचा पत्ता ज्या भाड्याच्या खोलीचा होता ती खोली मालकाने दुसऱ्या महिन्यातच रिकामी करून घेतली. बायकोच्या फोनवरून लावेल, तर ती घरात असताना त्याला मोकळेपणी बोलता येत नाही आणि ती कामाला गेली की फोन तिच्याबरोबर.

बाई सुटून येणार असेल तर तुम्हाला काहीच करावं लागत नाही. न्यायलाच कुणी जात नाही. सासर म्हणतं माहेरी जा, माहेर म्हणतं धाकटीचं लग्न ठरायचंय. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्याहून मोठं झालं आणि नातेवाइकांनी हात वर केले, तर बालगृहात. मग सुटल्यावर ही बाई बालकल्याण समितीपुढे उभी राहते आणि माझं मूल द्या म्हणते. समिती विचारते, राहतेस कुठे, कमावतेस काय. प्रश्न रास्तच आहेत. उत्तर नसल्यामुळे ती रात्र-रात्र जागते, तर शेजारपाजार म्हणतो, बाईच्या जातीला आत जाऊन आल्यावर झोप कशी लागेल!

नोकरीचं बोलत असाल तर आपल्या सोसायटीला वॉचमन हवाय, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. पोलीस पडताळणीचा कागद मागायचा आणि वर गोड आवाजात 'आमचं काही नाही रे, कमिटी ऐकत नाही' म्हणायचं. कमिटीत आपणच असतो, ते सांगायची गरज नाही.

काही उपद्व्यापी मंडळी या कामात पडलेली आहेत, त्यांच्यापासून जपा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत आतल्या आणि सुटलेल्या लोकांबरोबर राबतोय: कागदपत्रं, निवारा, हाताला काम. अशा लोकांमुळे माणूस सावरतो आणि मग आपल्याला चहावर बोलायला विषय उरत नाही. सरकारातही महिला व बालविकास विभागात परिवीक्षा अधिकारी असतो; सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम त्याच्याच टेबलावर, इतर दहा कामांच्या खाली.

खरा पाठपुरावा हवा असेल तर तो पोलीस ठाण्याकडून शिकावा. आठवड्याची हजेरी एकदा चुकू दे, दुसऱ्या दिवशी हवालदार दारात. गल्लीत मोबाइल चोरीला जाऊ दे, आधी याच्या घरी. इतक्या नेमाने त्याची विचारपूस करणारं दुसरं सरकारी खातं मला माहीत नाही.

तर समजा, त्याची हजेरी गुरुवारी सकाळी दहाला, आणि सिव्हिलमध्ये मनोविकाराची ओपीडीही गुरुवारीच, केसपेपरची खिडकी अकराला बंद. हजेरी चुकली तर जामीन जातो, ओपीडी चुकली तर फक्त आठवडा जातो, म्हणून तो आठवडे घालवत राहील. आणि एखाद्या बुधवारी रात्री तुमच्या दाराशी येईल. बेल वाजवणार नाही, नुसता उभा राहील, तुम्ही कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडाल तेव्हा दिसेल. म्हणेल, दादा, उद्या मी पोलीस ठाण्यात असेपर्यंत सिव्हिलच्या रांगेत माझा नंबर धराल का, नाहीतर बरोबर चला, गर्दीत मला एकट्याने उभं राहवत नाही. अशा वेळी गोंधळून जाऊ नये. ऑडिट आहे, पाहुणे यायचेत, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, यांतलं काहीही चालतं. काहीच सुचलं नाही तर सांगा, गुरुवारी माझा उपास असतो, रांगेत उभं राहिलं की चक्कर येते.