खुलासा : मोबाइलचा फोटो ॲमेझॉनवर चालतो
‘ॲमेझॉनवर मोबाइलने काढलेले फोटो नाकारतात, डीएसएलआर (मोठा व्यावसायिक कॅमेरा) लागतोच’ हा घरगुती व्यवसायवाल्यांत फिरणारा मेसेज चुकीचा आहे. नियमांत कॅमेऱ्याची अट नाहीच. मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी हवी, वस्तूने ८५ टक्के चौकट व्यापावी आणि झूमसाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल असावी. १२ मेगापिक्सेलच्या फोनच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेल येते! मसाल्याच्या पाकिटाला खिडकीचा उजेड आणि तो उजेड परतवायला दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा पुरतो. ट्यूबलाइट तेवढी बंद ठेवा. दोन उजेड मिसळले की हळदीचा रंग बिघडतो. घासलेल्या पितळी समईत मात्र फोटो काढणाराच दिसतो, तिथे खुशाल फोटोग्राफर बोलवा.